वाचकांचे प्रश्न : प्रसंगासाठी लिहिलेली कविता

*मंगलाष्टके, पाळणे आणि पद्यमय मानपत्रे यांच्यावरील गेल्या अंकातील लेख वाचून मराठवाड्यातील अनेक वाचकांनी इंग्रजी कवितेतील प्रासंगिक रचनेविषयी विचारणा केली आहे. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.*

प्रश्न : आमच्याकडे लग्नात वधूवरांची नावे गुंफून मंगलाष्टके म्हणतात, बारशाला नवा पाळणा रचतात, गुरुजी निवृत्त झाले की पद्यात मानपत्र वाचतात. माझे वडील अशी रचना हौसेने करीत असत. इंग्रजी शिकविणाऱ्या एका आप्तांनी मात्र सांगितले की, इंग्रजीत अशा रचनेला साहित्यात स्थानच नाही. हे खरे आहे का? — एक निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या आप्तांचे म्हणणे गेल्या दोनशे वर्षांत रूढ झालेल्या एका मतापुरते खरे आहे. त्याआधीच्या चारशे वर्षांना ते लागू पडत नाही. त्या काळातील इंग्रजी कवितेतून लग्न, मृत्यू, राज्यारोहण, युद्ध, वाढदिवस आणि सण यांच्या निमित्ताने लिहिलेले सारे काढून टाकले, तर जे उरेल ते फारच तुटपुंजे असेल.

इंग्रजी कवितेचा आद्य पुरुष मानला जाणारा चॉसर याची पहिली मोठी रचना, ‘द बुक ऑफ द डचेस’, ही लँकेस्टरची डचेस ब्लान्श हिच्या निधनानिमित्त लिहिलेली आहे. ब्लान्श १३६८ मध्ये वारली. तिचा पती जॉन ऑफ गाँट हा राजपुत्र होता आणि चॉसरचा त्याच्या घराण्याशी संबंध होता. कवीला पोट होते आणि पोशिंदा राजवाड्यात होता, ही त्या काळची साधी वस्तुस्थिती आहे. तिच्याबद्दल कवीला कमीपणा वाटत नव्हता आणि आपणही तो वाटून घेण्याचे कारण नाही. पुढे विद्यापीठांनीही हा रिवाज उचलला. राजघराण्यात जन्म, लग्न किंवा मृत्यू झाला की ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील विद्वान मंडळी लॅटिन पद्यांचे संग्रह काढीत. त्यांतील बहुतेक पद्ये आज कोणी वाचत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या वडिलांची रचना डोळ्यांसमोर ठेवून मी आपणास एका कवितेकडे आवर्जून नेऊ इच्छितो. ती म्हणजे एडमंड स्पेन्सरचे ‘एपिथलेमियन’. स्पेन्सरने १५९४ मध्ये आयर्लंडमध्ये एलिझाबेथ बॉइल हिच्याशी विवाह केला आणि त्या विवाहासाठी स्वतःच हे मंगलगीत रचले. ते १५९५ मध्ये छापले गेले. लग्नाच्या दिवसाची पहाट होण्यापूर्वी कविता सुरू होते आणि रात्र सरेपर्यंत चालते. कडवी २४ आहेत आणि लांब ओळी ३६५ आहेत. दिवसाचे तास आणि वर्षाचे दिवस कवीने ओळींमध्ये बांधून ठेवले आहेत, ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. विवाहाची तारीख ११ जून होती आणि त्या वेळच्या पंचांगानुसार तो वर्षातील सर्वांत मोठा दिवस मानला जाई. वधूला भेटण्यास उतावीळ झालेला नवरा त्या दिवसाच्या लांबीबद्दल लाडिक तक्रार करतो. रात्री वेताळ, भुते आणि घुबडे यांनी त्रास देऊ नये म्हणून तो प्रार्थना करतो आणि त्याच प्रार्थनेत बेडकांनी ओरडू नये अशीही विनवणी करतो. आयर्लंडच्या ओलसर रात्री बेडूक किती ओरडत असतील, याचा अनुभव असलेल्या माणसालाच ही ओळ सुचू शकते. मंगलकाव्याचा सर्व प्राचीन थाट सांभाळून कवी आपल्या गावची रात्र त्यात आणतो, यामुळेच ही कविता टिकली आहे असे मला वाटते. आपल्या मंगलाष्टकांतही देवांची आवाहने संपली की मामा-काकांची नावे येतात आणि मंडपातील माणसांचे कान टवकारतात, हे आपण पाहिलेले असेल.

राजकीय प्रसंगावरच्या कवितेचा उत्तम नमुना पाहायचा असेल, तर अँड्र्यू मार्व्हलकडे जावे लागते. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा चार्ल्स पहिला याचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी राजाविरुद्ध लढलेल्या संसदपक्षाचा सेनापती क्रॉमवेल आयर्लंडची मोहीम आटोपून परतला, तेव्हा मार्व्हलने त्याच्या स्वागतार्थ ‘होरेशियन ओड’ लिहिली. विजयी सेनापतीची ही प्रशस्ती आहे, परंतु तिच्या मध्यभागी कवीने वधस्तंभावरील राजाचे चित्र उभे केले आहे. त्या क्षणी राजाने कोणतेही हलके कृत्य केले नाही आणि जणू बिछान्यावर टेकवावी तशी आपली मान खाली ठेवली, असे तो म्हणतो. ज्याचा गौरव करायचा त्याच्या शत्रूची प्रतिष्ठा त्याच कवितेत राखणे, ही धैर्याची आणि न्यायबुद्धीची गोष्ट आहे. मार्व्हलच्या मृत्यूनंतर १६८१ मध्ये त्याच्या कवितांचा संग्रह निघाला, तेव्हा राजेशाही परत आलेली होती आणि संग्रहाच्या जवळजवळ सर्व प्रतींतून ही कविता काढून टाकण्यात आली.

ड्रायडनची गोष्ट याहून निराळी आहे. क्रॉमवेल वारल्यावर १६५९ मध्ये त्याने क्रॉमवेलचे गुणगान करणारी कडवी छापली आणि १६६० मध्ये दुसरा चार्ल्स राजा परतताच त्याच्या स्वागताचे काव्य लिहिले. त्याबद्दल त्याला पुष्कळ बोल लावले गेले. अठराव्या शतकातील समीक्षक डॉ. जॉन्सनने त्याची बाजू घेताना म्हटले की, ड्रायडन बदलला असेल तर तो सगळ्या राष्ट्राबरोबर बदलला. मला हा बचाव पुरेसा वाटत नाही. मार्व्हललाही तोच काळ लाभला होता. मात्र याच ड्रायडनने संगीताची संरक्षक संत सिसीलिया हिच्या उत्सवासाठी १६८७ मध्ये आणि पुन्हा १६९७ मध्ये ज्या दोन रचना केल्या, त्या केवळ उत्सवात गाण्यासाठी लिहिलेल्या असूनही इंग्रजीतील नादमधुर कवितांत अग्रभागी आहेत. पुढे हेन्डेल या संगीतकाराने दोन्हींना चाली दिल्या.

मग मत पालटले कसे? अठराव्या शतकात आश्रयदात्याची जागा हळूहळू छापील पुस्तके विकत घेणाऱ्या वाचकाने घेतली. हा वाचक कोणाच्या घरच्या लग्नाशी बांधलेला नव्हता. पुढे वर्ड्‌स्वर्थने १८०० मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत कवितेचा उगम प्रबळ भावनांच्या उत्स्फूर्त उचंबळण्यात आणि निवांतपणी केलेल्या स्मरणात आहे असे मांडले. त्यानंतर कोणी सांगितले म्हणून लिहिलेली कविता खालच्या दर्जाची, ही समजूत रुजली. गंमत अशी की, त्या पिढीतील कवीही प्रसंगांवर लिहीतच राहिले. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टर येथे निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले, तेव्हा शेलीने लगेच ‘द मास्क ऑफ अनार्की’ लिहिली. खटल्याच्या भीतीने ती १८३२ पर्यंत छापता आली नाही. कीट्‌स वारल्यावर १८२१ मध्ये शेलीनेच ‘अ‍ॅडोनाइस’ ही विलापिका लिहिली. आपल्या वडिलांची वही घरात असेल, तर ती जपून ठेवावी आणि प्रत्येक रचनेखाली प्रसंग, गाव आणि तिथी नोंदवून ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रसंग विसरला गेला की अशा रचनेचा अर्धा अर्थ हरवतो.

प्रश्न : इंग्लंडमध्ये राजकवी नेमतात. त्याला हुकमावरून कविता लिहावी लागते का, आणि अशी कविता कधी चांगली झाली आहे का? — एम.ए.चा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाटककार आणि कवी बेन जॉन्सनला १६१६ मध्ये पहिल्या जेम्स राजाने वर्षासन दिले, तेथून या प्रथेचा आरंभ धरतात. अधिकृत नेमणूक प्रथम ड्रायडनची झाली, १६६८ मध्ये. १६८८ च्या राज्यक्रांतीनंतर, कॅथलिक झालेल्या ड्रायडनने नव्या राजाची शपथ घेण्यास नकार दिला आणि त्याचे पद गेले. ते शॅडवेलला मिळाले, ज्याची ड्रायडनने यापूर्वीच एका उपहासकाव्यात रेवडी उडविली होती.

अठराव्या शतकात राजकवीने नववर्षाला आणि राजाच्या वाढदिवसाला गीत लिहून द्यावे आणि दरबारी संगीतकाराने त्याला चाल लावावी असा शिरस्ता होता. दरवर्षी त्याच राजाच्या त्याच वाढदिवसावर नवे काय लिहिणार? पदाची प्रतिष्ठा इतकी घसरली की १७५७ मध्ये थॉमस ग्रे याने आणि १८१३ मध्ये वॉल्टर स्कॉटने ते नाकारले. स्कॉटच्या नकारानंतर साउदी राजकवी झाला. तिसरा जॉर्ज राजा वारल्यावर त्याने १८२१ मध्ये राजाचा स्वर्गप्रवेश वर्णन करणारे एक स्तुतिकाव्य छापले आणि पुढच्याच वर्षी बायरनने जवळपास त्याच नावाची उपहासात्मक रचना करून त्याची वाट लावली. आज साउदीची रचना लोकांना आठवते ती बायरनमुळे. वर्ड्‌स्वर्थने १८४३ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, पद स्वीकारले ते आपल्याकडून काही लिहून मागितले जाणार नाही या आश्वासनावर.

टेनिसनमुळे पदाला पुन्हा तेज आले. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या निधनानंतर त्याने लिहिलेल्या शोकगीतात अंत्ययात्रेची संथ, जड पावले ऐकू येतात. अलीकडे, १९९९ पासून, हे पद दहा वर्षांसाठी दिले जाते. २००९ मध्ये कॅरल अ‍ॅन डफी या पहिल्या महिला राजकवी झाल्या. २०१९ पासून सायमन आर्मिटेज त्या पदावर आहेत. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारल्यावर त्यांनी लिहिलेल्या कवितेतील दोन्ही कडव्यांच्या ओळींची आद्याक्षरे जुळविली की राणीचे नाव तयार होते. आपल्या हुकमाच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आज सक्ती नाही, अपेक्षा मात्र आहे.

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आमच्या नात्यातील माणसे गेली. त्यानंतर अनेकांनी लगेच कविता लिहिल्या. काहींचे म्हणणे होते की, ढिगारे उपसायचे बाकी असताना कविता लिहिणे उथळपणाचे आहे. इंग्रजी कवींनी अशा संकटांवर केव्हा आणि कसे लिहिले? — एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : आपला प्रश्न मी वारंवार वाचला. किती दिवसांनी लिहावे याचा नियम इंग्रजी कवितेत मला दिसत नाही. कवीने त्या घटनेत काय पाहिले, यावर सगळे अवलंबून आहे.

१६५५ च्या एप्रिलमध्ये सॅव्हॉयच्या ड्यूकच्या सैन्याने आल्प्सच्या पायथ्याशी पीडमाँटच्या दऱ्यांत वाल्देन्सी या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांची कत्तल केली. मिल्टन तेव्हा क्रॉमवेलच्या सरकारात परराष्ट्रीय पत्रव्यवहाराचा लॅटिन चिटणीस होता आणि पूर्ण अंध झाला होता. या कत्तलीचा निषेध करणारी सरकारी पत्रे त्याने लिहिली आणि त्याच घटनेवर एक सुनीतही लिहिले. पत्रांत राजकारणाची संयत भाषा आहे. सुनीतात थंड डोंगरांवर विखुरलेली हाडे आहेत आणि बालकासह कड्यावरून लोटून दिलेली आई आहे. एकाच माणसाने एकाच दुःखासाठी दोन्ही कामे केली आणि दोन्हींची गरज होती.

टेनिसनची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तिचा एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हा येथे चुकीच्या हुकमामुळे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने थेट तोफांवर चाल केली. वृत्तपत्रातील हकिगत वाचून टेनिसनने २ डिसेंबरला कविता लिहिली आणि ९ डिसेंबरला ती छापून आली. कुणाच्या तरी हातून चूक झाली होती, हे शब्द त्या कवितेचा कणा आहेत. १८५५ मध्ये संग्रह काढताना टीकाकारांचे ऐकून त्याने ते शब्द गाळले. परंतु युद्धभूमीवरील सैनिकांना ही कविता आवडते असे कळल्यावर ते शब्द परत घालून त्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रती छापून पाठविल्या. मरणाऱ्यांचे शौर्य गाताना मरणाचे कारण लपवायचे नाही, हे त्याला सैनिकांमुळे उमगले, असे मी मानतो.

जेरार्ड मॅन्‌ली हॉपकिन्सने जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात प्रवेश करताना १८६८ मध्ये कविता लिहिणे सोडून दिले होते. १८७५ च्या डिसेंबरमध्ये ‘डॉइचलँड’ हे जहाज टेम्स नदीच्या मुखाजवळ वाळूत रुतून फुटले. बुडालेल्यांत जर्मनीतील कॅथलिकविरोधी कायद्यांमुळे देश सोडावा लागलेल्या पाच जोगिणी होत्या. कोणीतरी यावर कविता लिहावी, असे वेल्समधील त्याच्या मठाचे प्रमुख सहज बोलले आणि त्या एका वाक्याने सात वर्षांचे मौन सुटले. संघाच्या मासिकाने ती लांबलचक, विलक्षण कविता परत पाठविली. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारला आणि कविता छापली गेली १९१८ मध्ये, त्याचा मित्र आणि तेव्हाचा राजकवी रॉबर्ट ब्रिजेस याच्या हातून.

थॉमस हार्डीची कविता आपणास कठोर वाटेल. ‘टायटॅनिक’ १५ एप्रिल १९१२ रोजी बुडाली. पीडितांच्या निधीसाठी लंडनमध्ये १४ मे रोजी जो कार्यक्रम झाला, त्याच्या पत्रिकेत हार्डीची कविता छापली होती. तीत सांत्वनाचा एकही शब्द नाही. श्रीमंतांसाठी लावलेल्या आरशांवरून समुद्राच्या तळाशी किडे सरपटत आहेत, हे तो प्रथम दाखवितो. मग सांगतो की, इकडे कारखान्यात जहाज आकार घेत होते तेव्हा दूर अंधुक शांततेत हिमनगही वाढत होता. मदतनिधीच्या कार्यक्रमात हे वाचताना लोकांना काय वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. तरीही माणसाच्या गर्वाविषयी खरे बोलण्यासाठी हार्डीने तो प्रसंग निवडला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

येट्‌सने सर्वांत अधिक वेळ घेतला. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिन येथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला, मे महिन्यात पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि येट्‌सच्या कवितेखाली २५ सप्टेंबर १९१६ ही तारीख आहे. सर्वसामान्य वाचकांपर्यंत ती १९२० मध्ये पोहोचली. रस्त्यात भेटणाऱ्या या माणसांची आपण क्लबात बसून थट्टा करीत होतो, अशी कबुली तो आरंभीच देतो. त्या पुढाऱ्यांपैकी ज्या मॅकब्राइडचा त्याला वैयक्तिक तिरस्कार होता, त्याचेही नाव तो गाळत नाही. हे बलिदान अखेर अनावश्यक तर नव्हते, हा प्रश्न हुतात्म्यांच्या स्मरणकवितेत विचारण्याचे धाडस तो करतो आणि मग चौघांची नावे एकेक करून उच्चारतो. आई झोपलेल्या लेकराचे नाव घेते तसे आपले काम केवळ नावे घेण्याचे आहे, असे त्याने म्हटले आहे. किल्लारीच्या कवितांत गेलेल्या माणसांची, गल्ल्यांची, वाड्यांची नावे ज्यांनी लिहिली, त्यांनी लगेच लिहिले म्हणून ते उथळ ठरत नाहीत. आपल्या परंपरेतही ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग आहेतच. नरसीचे असल्यामुळे ते आपल्याला अधिक जवळचे आहेत.

प्रश्न : ज्याच्याशी फारशी ओळख नाही त्याच्या मृत्यूवर लिहिलेली कविता खोटी नव्हे काय? — एक गृहिणी, परभणी

उत्तर : हाच आक्षेप डॉ. जॉन्सनने मिल्टनच्या ‘लिसिडस’ या कवितेवर घेतला होता. १६३७ मध्ये केंब्रिजचा एडवर्ड किंग आयरिश समुद्रात बुडाला आणि १६३८ च्या स्मरणसंग्रहात मिल्टनची कविता शेवटी छापली गेली. मेंढपाळ आणि वनदेवतांच्या कल्पना रचायला जेथे सवड असते तेथे शोक थोडाच असतो, असे जॉन्सन म्हणतो. परंतु मिल्टनच्या मनात दुसरी भीती होती. किंगही कवी होता, तरुण होता, आणि काही करून दाखविण्यापूर्वीच गेला. आपलेही तसेच झाले तर, या धास्तीचे दुःख त्या कवितेत अगदी खरे आहे. जॉन डनने तर एलिझाबेथ ड्रुरी या १४ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवर दोन दीर्घ काव्ये लिहिली आणि त्याने तिला कधी पाहिलेही नव्हते. हे वर्णन कुमारी मेरीला शोभले असते, असे बेन जॉन्सनने म्हटल्यावर डनने उत्तर दिले की, आपण स्त्रीची आदर्श कल्पना रंगविली आहे, ती मुलगी नव्हे. मला हे उत्तर पटत नाही. मुलीच्या आई-वडिलांना त्यांची मुलगी हवी असणार.

प्रश्न : आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत आहेत आणि पद्य लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजीतून काही शिकण्यासारखे आहे का? — एक शिक्षक, उदगीर

उत्तर : जोनाथन स्विफ्टने आपली मैत्रीण स्टेला हिच्या वाढदिवसांसाठी १७१९ ते १७२७ या काळात लिहिलेली पद्ये मिळवून वाचावीत. ती साधी आणि घरगुती आहेत. पहिल्याच पद्यात तो तिचे वय आणि वाढलेली अंगकाठी यांचा मोकळेपणाने उल्लेख करतो आणि तरीही तिच्याविषयीचा आदर ओळीओळीत जाणवतो. शेवटचे पद्य लिहिताना ती आजारी होती. तू आजारी आहेस आणि मी म्हातारा झालो आहे, हे आज कोणी आम्हाला सांगू नये, अशी त्याची सुरुवात आहे आणि पुढे तो तिने केलेल्या सत्कृत्यांची आठवण तिला करून देतो. आपणही ज्ञानाचा सागर, मायेची सावली असली विशेषणे बाजूला ठेवावीत. बाईंनी कोणत्या वर्षी कोणता वर्ग सांभाळला, शाळेत त्या काय नवे करून गेल्या, त्यांच्या तोंडी नेहमी कोणते वाक्य असे, हे ओवीत बसवावे.

प्रश्न : इंग्रजी प्रासंगिक कवितेचा आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाशी काही संबंध आहे का? — एक महाविद्यालयीन ग्रंथपाल, जालना

उत्तर : निश्चितच आहे आणि तो सरोजिनी नायडूंमुळे आहे. हैदराबादेत जन्मलेल्या सरोजिनीबाई १८९५ मध्ये निजामाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. १९०५ मध्ये लंडनहून निघालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहात निजामाला उद्देशून लिहिलेली आणि रमजानच्या दरबारात सादर केलेली एक इंग्रजी कविता आहे. गादीवर तेव्हा मीर महबूब अली खान होते. मराठवाडा त्यांच्याच राज्यात होता, म्हणजे ही कविता आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्यकर्त्याला लिहिलेली आहे. ते स्वतः उर्दूत शायरी करीत, म्हणून रत्नजडित राजदंडाभोवती कवीच्या कीर्तीची फुले गुंफणारा राजा, असे त्यांना संबोधिले आहे. मुसलमान, हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती या सर्वांचा उल्लेख करून हे निरनिराळ्या धर्मांचे लोक आपल्या छायेत सलोख्याने राहतात, असे त्या म्हणतात. येथे स्तुतीतून राजाला त्याच्या कर्तव्याचीही जाणीव करून दिलेली आहे आणि दरबारी कवितेचे हे फार जुने काम आहे. चार दशकांनंतर त्याच राज्यात जे घडले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी जे संपले, ते माहीत असलेल्या आपल्याला त्या ओळी वेदनेने वाचाव्या लागतात.

त्यांच्या १९१७ च्या संग्रहातील गोखल्यांवरची छोटी कविताही अवश्य वाचावी. गोपाळ कृष्ण गोखले १९१५ मध्ये वारले. दरबारी थाट आता उरलेला नाही. आमच्या स्तुतीची तुम्हाला काय गरज, असा प्रश्न त्या गोखल्यांना विचारतात आणि चितेभोवती जमलेल्या लाखो शोकाकुल माणसांनी त्यांच्या हातून गळून पडलेल्या मशालीवर आपले मन पेटवून घ्यावे आणि देशाच्या ऐक्याचे मंदिर उभारावे, असे सांगतात. दोन्ही कविता एकापाठोपाठ एक वाचल्या, तर राजाच्या प्रशस्तीपासून लोकांच्या शोकापर्यंतचा जो प्रवास इंग्रजी प्रासंगिक कवितेला कित्येक शतके पुरला, तो एकाच कवयित्रीने बारा वर्षांत कसा केला, हे आपल्या ग्रंथालयातील विद्यार्थ्यांना दाखविता येईल.